शेततळ्याला सावलीही द्या : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातला मोसंबीवाला शेतकरी. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडे बागाच्या बागा वाळल्या. आमची दीडशे झाडे आम्हीच कुऱ्हाडीने तोडली. त्यानंतर शेततळे घेतले. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला. भरले की साधारण २२ लाख लिटर पाणी मावते. या तळ्याने उरलेली बाग जगवली, म्हणून शासनाचे आभार आधी मानतो आणि मगच तक्रारीकडे वळतो.

गेल्या मे महिन्यात मोटर जळाली. रिवाइंडिंगला दिली, ती दहा दिवस आलीच नाही. तळे तेव्हा अर्धे होते. पाणी उतरते तशी कागदावर क्षाराची पांढरी रेघ मागे राहते, ती रोज थोडी थोडी वर दिसू लागली. एक थेंब उपसलेला नव्हता आणि कागद कुठे फाटलेला नव्हता. तळात उभ्या केलेल्या पट्टीवर मोजले तर दहा दिवसांत पाणी आठ सेंटिमीटर खाली गेलेले. अर्ध्या तळ्यात पाण्याचा पसारा सत्तावीस बाय सत्तावीस मीटरचा असतो. हिशोब केला तर दिवसाला जवळजवळ ५,८०० लिटर पाणी उडाले. मे महिन्यात मोठ्या मोसंबीच्या झाडाला ठिबकने दिवसाला शंभर लिटरच्या आसपास देतो. म्हणजे माझ्या साठेक झाडांचे पाणी रोज ऊन पीत होते.

साहेब, कागदाने पाझर थांबवला, तो फक्त खालचा. वरचे तोंड उघडेच आहे.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे आणि ती बोलायला आम्हा शेतकऱ्यांनाही जड जाते. आमच्याकडची पुष्कळ तळी पावसाच्या पाण्याने भरत नाहीत. विहिरीला, बोअरला पाणी आहे तोवर ते उपसून तळ्यात साठवतो, कारण उन्हाळ्यात विहीर साथ देईल याचा भरवसा नसतो. मीही तेच करतो. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वीज जाळून वर आणायचे आणि मेपर्यंत उन्हात ठेवायचे, असा हा व्यवहार आहे. त्यात शेजाऱ्याच्या विहिरीचेही पाणी ओढले जाते. उघड्या तळ्याचे नुकसान एकट्या मालकाचे नसते, ते सगळ्या शिवाराचे असते.

२०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आले तेव्हा ५० हजार अनुदान होते, पुढे ते कमाल ७५ हजारांपर्यंत गेले. अस्तरीकरणालाही, म्हणजे कागद अंथरायलाही मिळते. शेडनेटगृहालाही, म्हणजे पिकावर सावलीची जाळी ताणून केलेल्या घरालाही मिळते. तेच शेडनेट तळ्यावर ताणायचे म्हटले तर मात्र यादीत त्याला जागा नाही. माझी पहिली मागणी हीच आहे.

हे होण्यासारखे आहे. स्पेनच्या मुर्सिया भागात शेतीच्या तळ्यांवर काळे जाळे ताणून बाष्पीभवन सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाल्याचे तिथल्या संशोधकांनी मोजले आहे. पाण्यावर रसायनाचा पातळ थर पसरण्याचा उपाय स्वस्त वाटतो, पण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये त्याचा भरवशाचा अनुभव आला नाही, कारण वारा तो थर एका काठाला ढकलून देतो. आमच्याकडे मार्चनंतर वारा कसा सुटतो हे वेगळे सांगायला नको.

मी स्वतः अर्ध्या तळ्यावर बाजारातले हिरवे नेट नायलॉनच्या दोरीवर टाकले होते. वळवाच्या पहिल्या वादळाने ते मधोमध फाटले, आणि भावाने आणि मी पोत्याच्या सुईने दोन दिवस शिवले. दोरी नको, ताण दिलेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार आणि काठावर पक्के खांब हवेत, हे तेव्हा कळले. पण एवढ्या दिवसांतही एक फरक दिसला. सावलीच्या बाजूला शेवाळ नावाला होते. उघड्या बाजूचे शेवाळ फिल्टरमध्ये अडकते, ड्रीपर बुजतात, आणि आम्ही सकाळी टाचणी घेऊन नळीमागून नळी साफ करत बसतो. खांब आणि तारेचा खर्च मात्र लहान शेतकऱ्याला एकट्याने झेपत नाही. अनुदान तिथे हवे.

दुसरी मागणी तळ्याच्या आकाराची. जिथे मुरूम चांगला आहे तिथे तळे साडेचार मीटर खोल घेऊ द्या. तेवढेच २२ लाख लिटर साडेसव्वीस मीटर तोंडाच्या तळ्यात बसते, आणि उघडा पृष्ठभाग पाचव्या हिश्श्याहून जास्त घटतो. खोल तळ्याला कुंपण मात्र सक्तीचे करा, त्यात सूट नको. पश्चिमेच्या बांधावर शेवरी किंवा बांबूची दाट ओळ लावायची अटही घाला, तिला खर्च फारसा नाही.

मोठ्या धरणांचा विषय आपल्या खात्याचा नाही हे जाणतो. तरी आमचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, उथळ आणि पसरट आहे, तिथे उन्हाळ्यात किती पाणी उडते ते आपले जलसंपदामंत्री जाणतातच. तिथे तोडगा निघायला वेळ लागेल. शेततळ्याला तेवढा वेळ लागायचे कारण नाही.

जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत प्रत्येक तालुक्यात दहा तळी निवडा. कृषी विज्ञान केंद्राकडून पाच तळ्यांवर नेट बसवा, पाच उघडी ठेवा, आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत पट्टीवर मोजा. आकडे गावाच्या फलकावर लावा. माझे तळे या कामासाठी द्यायला मी तयार आहे, उघड्यातले धरा किंवा झाकलेल्यातले. पट्टी तर आत उभीच आहे.

आपला,
एक मोसंबी उत्पादक शेतकरी
ता. अंबड, जि. जालना