लोटे परिसरातील पाणी आधी तपासा

इटलीतील विचेन्झाजवळच्या बंद पडलेल्या ‘मितेनी’ या रसायन कारखान्याची यंत्रसामग्री रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आल्याची बातमी वाचून काळजी वाटली. ‘मितेनी’मुळे तिकडे सुमारे साडेतीन लाख लोकांचे पाणी ‘पीफास’ या फ्लोरिनयुक्त कृत्रिम रसायनांनी दूषित झाले. या प्रकरणी जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना तुरुंगवास ठोठावला. ही रसायने निसर्गात जवळपास नष्टच होत नाहीत. त्यांपैकी ‘पीएफओए’ माणसात कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केले आहे.

उद्या एखाद्या विहिरीत पीफास सापडले, तर ते कुठून आले हे ठरवायला आजच्या पाण्याची नोंद हाताशी हवी. सांडपाण्याच्या नेहमीच्या बीओडी-सीओडी (पाण्यातील प्रदूषणाला लागणारा ऑक्सिजन मोजणाऱ्या) चाचण्यांत ते दिसत नाही. लिटरमागे नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग) मोजणारी वेगळी तपासणी लागते. यंत्रे तीच म्हणजे उत्पादनही तेच, असे मी म्हणत नाही. पण नेमके काय बनते, हे गावकऱ्यांना कळलेच पाहिजे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने परिसरातील विहिरी आणि दाभोळ खाडीतील पाणी, गाळ व मासळीचे नमुने तातडीने तपासावेत आणि अहवाल मराठीतून ग्रामपंचायतींना द्यावेत.

— एक वाचक, चिपळूण