जलद तिकिटे आणि साधी रांग

महोदय,

डिस्नेने अमेरिकेतील आपल्या मनोरंजन उद्यानांत १९९९ मध्ये 'फास्टपास' विनामूल्य सुरू केला. राइडपाशी यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तीवरील ठरलेल्या तासाभरात परतून साधी रांग टाळून आत जायचे आणि मधला वेळ इतरत्र घालवायचा, अशी ती सोय होती. २०२१ मध्ये तिची जागा सशुल्क सेवेने घेतली. मुळात आरक्षणामुळे राइडची ताशी क्षमता तसूभरही वाढत नाही. आरक्षितांची प्रत्येक जागा साध्या रांगेच्या वाट्यातूनच जाते आणि उन्हात लेकरू कडेवर घेऊन उभे असलेले ताटकळतात. (सशुल्क देवदर्शनामुळे आपल्याला हे नवे नाही!) आपल्याकडील उद्यानांनी जलद प्रवेशाची तिकिटे जरूर विकावीत, परंतु साध्या रांगेसाठी दर फेरीत किती जागा राखल्या आहेत, हे तिकीट खिडकीवरच ठळकपणे लिहावे.

– एक वाचक, पुणे