तापाच्या रुग्णांची रांग वेगळी हवी

महोदय,

ऑगस्ट २००९. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला आणि आमच्या बाह्यरुग्ण विभागात पाय ठेवायला जागा उरली नाही. मी तिथे परिचारिका होते. केसपेपरची खिडकी एकच. तापाने फणफणलेला मुलगा, त्याच्यामागे सात महिन्यांची गरोदर बाई, तिच्यामागे ड्रेसिंगला आलेले आजोबा, सगळे एकाच रांगेत. गरोदरपणात हा फ्लू जिवावर बेतू शकतो. त्या बाईचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. एन-९५ मास्क होते, पण कपाटात. किल्ली भांडारपालाकडे आणि ते घरी गेलेले. आम्ही रुमाल बांधून काम केले.

मध्ये करोना येऊन गेला. तरी परवा नातवाला घेऊन दवाखान्यात गेले, तर तीच एक खिडकी, तीच रांग. तापाच्या रुग्णाला दारातच मास्क देऊन वेगळ्या, हवेशीर खोलीत बसवायला कितीसा खर्च येतो? ऑसेल्टामिवीर हे फ्लूवरचे औषध लक्षणे दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत दिले तर जास्त गुण येतो, म्हणून ते रात्रीही हाताशी हवे. सफाई कामगार, वॉर्डबॉय यांनाही दरवर्षी फ्लूची लस द्या. आणि कपाटाची दुसरी किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे ठेवा.

– एक निवृत्त परिचारिका, पुणे