यांचं अजून झालं नाही

प्रिय ताई,

त्या प्रशिक्षणाच्या पहिल्या सकाळी आपण सगळे खुर्च्या गोलाकार मांडून बसलो होतो. "नाव, काम आणि एखादी आवड, तीनच गोष्टी सांगा," असं सांगितलं गेलं. माझ्याआधी नऊ जण होते. त्यांच्यातल्या एकाचंही नाव माझ्या कानात शिरलं नाही, कारण मी मनातल्या मनात स्वतःचं नाव घोकत होतो. माझी पाळी आली, मी उभा राहिलो आणि ओठ मिटले ते मिटलेच.

माझं नाव 'प'ने सुरू होतं. प हा ओष्ठ्य वर्ण. दोन्ही ओठ मिटून हवा अडवायची आणि झटकन सोडायची, एवढंच त्यात असतं. माझी हवा अडते आणि सुटत नाही. मान ताठ होते, डोळे घट्ट मिटतात, हनुवटी थरथरते. पाहणाऱ्याला वाटतं, याला काही तरी दुखतंय.

"बरं, पुढचे कोण?" असं ऐकू आलं.

हे मला नवीन नव्हतं. शाळेत एका सरांनी वर्षभर मला धडा वाचायलाच उठवलं नाही, आणि त्यांना वाटत होतं की ते माझ्यावर दया करताहेत. सगळ्या वर्गाने मिळून कविता म्हटली की मी एकदाही अडत नसे. तोतरेपणा असलेल्या बहुतेकांचं असंच असतं, गाताना आणि सगळ्यांबरोबर म्हणताना शब्द सरळ येतात. सरांनी कधी कान देऊन ऐकलं असतं तर त्यांनाही ते कळलं असतं. पुढे नोकरीच्या एका मुलाखतीत मला विचारलं गेलं, "नाव विसरलात की काय?" टेबलापलीकडचे तिघेही हसले. त्या हसण्याला आज बरीच वर्षं झाली, पण कुठल्याही केबिनच्या दारावर टकटक करताना मला ते अजून ऐकू येतं.

तर, पुढची पाळी तुमची होती. तुम्ही उठला नाहीत. बसल्या जागेवरून म्हणालात, "यांचं अजून झालं नाही."

आवाज चढवला नाहीत की माझी कड घेतल्याचा आव आणला नाहीत. रांगेत कुणी मध्येच घुसायला लागलं तर आपण जसं साधेपणाने सांगतो, तसं सांगितलंत. आणि माझ्याकडे बघत थांबलात. जमिनीकडे नाही, मोबाइलकडे नाही. लहान मुलाला उत्तेजन देताना लोक मान हलवतात, तशी मानही हलवली नाहीत. तुम्ही पेनाला टोपण लावत होतात. ते अर्धवट लागलेलं टोपण तुमच्या बोटांत तसंच राहिलं. मी डोळे उघडले तेव्हा मला पहिलं तेच दिसलं. या बाईंना घाई नाही, एवढं मला त्या टोपणावरून समजलं, आणि माझं नाव बाहेर पडलं. पूर्ण, आडनावासकट.

लोक नाव सुचवतात, वाक्य पुरं करून देतात, "सावकाश, घाबरू नका, दीर्घ श्वास घ्या" म्हणतात. त्यांना वाईट कसं म्हणू? पण मी घाबरतो म्हणून अडत नाही, अडतो म्हणून घाबरतो. तोतरेपणाचं मूळ मेंदूतल्या बोलण्याच्या जुळणीत असतं, पुष्कळदा ते घराण्यातून येतं. बहुतेकांना तो दोन ते पाच या वयात सुरू होतो, आणि त्यातल्या बऱ्याच मुलांचा आपोआप जातो. मोठ्यांमध्ये शंभरात साधारण एकाचा टिकून राहतो. मी तो एक. आमच्यासाठी समोरच्याने करण्यासारखं एकच काम असतं, थांबणं. ते फार कमी लोकांना जमतं.

नाव झालं, काम झालं. राहिली आवड. मला पोहायला आवडतं. लहानपणापासून आवडतं, पाण्याखाली कुणी कुणाला काही विचारत नाही. पण 'पोहणं' म्हणजे पुन्हा प. ओठ मिटायला लागलेले मला जाणवले आणि मी पटकन म्हणालो, "लेखन."

ते खोटं होतं. मी तोपर्यंत अर्जांपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. 'ल' सोपा जातो, म्हणून लेखन. आमच्यापैकी पुष्कळ जण असंच जगतात. मला पाणी हवं असलं तर मी "तहान लागलीय" म्हणतो. परवा येतो म्हणायचं असलं तर "दोन दिवसांनी". बाबांना मी लोकांसमोर नेहमी "वडील" म्हणत आलो, आणि ते त्यांना थोडं परकं वाटायचं, हे मला ठाऊक होतं. फक्त नावाला पर्यायी शब्द नसतो, म्हणून ओळख करून देणं आम्हाला सगळ्यांत जड जातं.

चहाच्या सुट्टीत तुम्ही विचारलंत, "काय लिहिता?" मी "असंच" म्हणून निसटलो. पण त्या प्रश्नात तुम्ही माझं बोलणं खरं धरलं होतंत. मी कसा बोललो, त्याबद्दल अवाक्षर नाही. मी काय म्हणालो, तेवढंच तुम्ही लक्षात ठेवलं होतंत. असं माझ्या बाबतीत क्वचितच घडलंय.

त्याच रात्री वही घेतली. पहिला शब्द लिहिला, पोहणं. मग पाणी, पायरी, पाऊस, परवा, बाबा. आयुष्यभर चुकवलेले शब्द एकाखाली एक उतरवले. कागदावर प अडत नाही. हात थांबला नाही, मान ताठ झाली नाही. शेवटी स्वतःचं नाव लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. तेव्हापासून रोज लिहितो. मी कोण, हे मला एकदा माझ्या शब्दांत सांगायचंय, सोप्या अक्षरांच्या शब्दांत नव्हे. आणि एखादा मुलगा आज वर्गात आपली पाळी कधी येते म्हणून बाकं मोजत बसला असेल, तर त्याने हे वाचावं, असंही वाटतं.

चांगुलपणा म्हटलं की आपल्याला मोठाले त्याग आठवतात. माझ्या वाट्याला आला तो चार शब्दांचा होता, आणि त्याने मला माझं नाव परत दिलं. भर बैठकीत असे चार शब्द बोलायला किती धीर लागतो, हे गप्प बसलेल्या त्या नऊ जणांनाही माहीत असणार.

ताई, एक चुकलंच. माझ्यानंतर तुम्ही उभ्या राहिलात, नाव सांगितलंत. पण माझे कान तेव्हा गरम झाले होते, छाती धडधडत होती. तुमचं नाव मला ऐकूच आलं नाही. हजेरीच्या यादीत ते सापडलं असतं, पण मी मुद्दाम पाहिलं नाही. कधी भेटलात तर तुमच्या तोंडून ऐकेन. आधी माझं सांगेन. थोडा वेळ लागेल.

तुमच्या डाव्या बाजूच्या खुर्चीतला