विहिरीकडून कुठल्या हाताला?

रिगा

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आईने विचारलं, "तिकडे वाट चुकलीस तर विचारतेस कुणाला?" तेवढ्यात रेंज गेली, म्हणून सगळं लिहूनच कळवते. वाट चुकते, आई. विचारतेही. खरी पंचाईत होते ती समोरचा सांगायला लागला की. "अत्वाइनोयिएत, कुर इर तिर्गुस?" म्हणजे माफ करा, बाजार कुठे आहे? एवढं वाक्य दोन दिवसांत तोंडात बसतं. पण ते इतकं सफाईने बाहेर पडतं की ऐकणाऱ्याला वाटतं हिला लॅटव्हियन भाषा येते, आणि मग तो धडाधड सुरू होतो.

बाबा म्हणतील, फोनमध्ये नकाशा आहे की. आहे ना. पण डिसेंबरात इथे दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो, बोटं गारठलेली असतात, आणि त्या थंडीत फोनची बॅटरी कधी मान टाकेल सांगता येत नाही.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. जुन्या शहरात एका आजोबांना बाजार विचारला. इथला मोठा बाजार १९३० साली सुरू झाला. जर्मन झेपेलिन, म्हणजे अवाढव्य हवाई जहाजं, ठेवायच्या हँगरांचे वरचे भाग आणून त्यांच्या पाच मंडया बांधल्यात. आजोबांनी हाताने दाखवलं, "तैस्नि", सरळ, रेल्वेच्या पुलाखालून. खात्री करायची म्हणून मी विचारलं, "तैस्नि?" ते हसून म्हणाले, "लबि, लबि." आणि मी लगेच उजवीकडे वळले! कारण वर्गात नुकतंच शिकवलेलं, 'प लबि' म्हणजे उजवीकडे, 'प क्रेय्सि' म्हणजे डावीकडे. नुसतं 'लबि' म्हणजे 'बरं, ठीक' हे अजून कानात बसलं नव्हतं. आजोबा मागून जोरजोरात हात हलवत होते. मला वाटलं, काय प्रेमळ माणूस, निरोप देतोय. मीही हात हलवला. दहा मिनिटांनी बघते तर समोर दौगवा नदी. मासळीबाजाराऐवजी जिवंत मासे असलेलं पाणी.

नंतर आठवलं, यात त्यांचं वेगळं असं काय आहे? त्यांचा उजवा हात म्हणजे 'चांगला' हात. आपणही देवाला कौल लावतो तेव्हा उजवा मिळाला की सगळ्यांचे चेहरे फुलतात, आणि डावा मिळाला की आजी परत फुलं चिकटवायला सांगायची. ही जोडी एकदा जुळली, त्यानंतर आजतागायत उजवं-डावं चुकले नाही.

आता आईसाठी. पाचवीपासून तू माझ्या वहीत ऱ्हस्व-दीर्घाखाली लाल रेघा ओढल्यास, आणि मी म्हणायचे, बोलताना कुठे कळतं? इथे कळतं गं! लांब स्वरावर हे लोक आडवी रेघ देतात आणि बोलतानाही तो तेवढाच लांबवतात. 'उझ तिर्गु' म्हणजे बाजाराकडे, 'तिर्गू' म्हणजे बाजारात. त्यांच्या शहराचं नाव 'रीग', शेवट आखूड. आपण शेवट लांबवून 'रिगा' म्हणतो, ते त्यांच्या कानाला जवळजवळ 'रिगामध्ये' असं लागतं. 'घरी', 'गावी' म्हणतो ना आपण, तसंच, शब्दाची शेपटी बदलली की झालं. आणि 'काझस' म्हणजे लग्न, 'कझस' म्हणजे बकऱ्या. मैत्रिणीला मी शनिवारी बकऱ्यांना जाणार असल्याचं सांगून बसले होते.

'तू' मात्र इथेही 'तु'च आहे. बरोबरीच्याला 'एय', वडीलधाऱ्यांना 'एयिएत'. जा आणि जावा. वाट सांगताना हे पाळावं लागतं, नाहीतर बाई कडक बघतात.

बाबा, ट्राममध्ये तुमचं काम रेकॉर्ड केलेला आवाज करतो: "नाकमा पिएतुर", पुढचा थांबा. घंटीची दोरी नाही, सुट्ट्या पैशांवरून भांडण नाही. पण स्वातंत्र्य स्मारकापासून निघणारा सरळ रस्ता बघितलात तर तुम्हीसुद्धा डोकं धराल. नाव तेच, 'ब्रीवीबस', म्हणजे स्वातंत्र्याचा. पण आधी तो बुल्वारिस, पुढे इएल, आणखी पुढे गत्वे, म्हणजे रस्त्याचेच तीन प्रकार. शेवटचा शब्द नीट ऐकला नाही तर भलत्याच टोकाला उतरायचं. सोव्हिएत काळात याच रस्त्याला लेनिनचं नाव होतं.

आता खरं काम सांगते. सोमवारी वर्गात 'माझ्या घराची वाट' लिहून द्यायची आहे. बाकीचे इथल्या फ्लॅटची लिहिणार. मी आपल्या घराची घेतली. एसटीतून उतरा, तैस्नि चढावर, देवळापर्यंत, तिथून प लबि पिंपळाकडे, मग विहीर. विहिरीला इथे 'अक' म्हणतात, सोपा शब्द. आणि तिथे पेन थांबलं. वाट डोळ्यांसमोर आहे, फणसाची मुळं, निसरडा चिरा, शेजारच्या काकूंचा कुत्रा, सगळं. पण विहिरीकडून आपण डावीकडे वळतो की उजवीकडे? आपल्याकडे कधी कुणी असं सांगितलंच नाही. "हयसून वर जावा, देवळाकडे कोणाक पण इचारा", संपलं.

बाबा, एकदा विहिरीपाशी देवळाकडे पाठ करून उभे राहा आणि घर कुठल्या हाताला येतं ते कळवा. आईला विचारू नका, ती "विहिरीच्या फुड्यात" म्हणेल. आणि पिंपळ अजून आहे ना, तेही सांगा, नाहीतर तेवढी ओळ खोडावी लागेल.

तुमची,
बाय