मैफल रंगली, पण रक्कम किती?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या पूरग्रस्तांसाठी झालेल्या गाणं-कविता-कथाकथनाच्या संध्याकाळचा वृत्तान्त कालच्या अंकात पान चारवर वाचला. चार कॉलम, दोन फोटो. समई कोणी लावली, शाल कोणाला, श्रीफळ कोणाला, निवेदन किती ओघवतं झालं, सगळं तपशीलवार आहे. फोटोत पहिल्या रांगेतले सोफेसुद्धा स्पष्ट दिसतात. फक्त पैसे किती जमले ते कुठे सापडलं नाही. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. ‘भरघोस प्रतिसाद’ आणि ‘सढळ हस्ते’ एवढंच हाती लागलं. भरघोस म्हणजे किती हो? आमचा वाणी उधारीच्या वहीत ‘भरघोस’ असं लिहीत नाही.

कलाकारांबद्दल माझी तक्रार नाही. गायिकेने मानधन घेतलं नाही असं तुम्ही लिहिलंय, त्यांना मनापासून नमस्कार. (तबलजींनी घेतलं की नाही ते लिहिलेलं नाही. तबलजींचं कोणीच लिहीत नाही.) ‘भैरवीने मैफलीची दमदार सुरुवात झाली’ असं मात्र तुमचे वार्ताहर लिहितात. खरोखर तसं झालं असेल तर आयोजकांच्या धाडसाचं कौतुक. की वार्ताहर पोचले तेव्हा मैफल संपत आली होती?

एका वक्त्यांनी या कार्यक्रमाची तुलना म्हणे बांगलादेशसाठी न्यूयॉर्कला झालेल्या मैफलीशी केली. बरं झालं, विषय त्यांनीच काढला. १ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा आणि बोलावणाऱ्यांत पुढे ‘बीटल्स’वाले जॉर्ज हॅरिसन. वाद्यं नुसती सुरात लावून झाली तर लोकांनी टाळ्या पिटल्या, हा किस्सा प्रत्येक वक्ता सांगतो. त्या दिवशीच्या दोन खेळांचे २ लाख ४३ हजार ४१८ डॉलर आणि ५० सेंट युनिसेफकडे गेले, हे कोणी सांगत नाही. ५० सेंटसुद्धा नोंदलेले आहेत! आणि पुढे रेकॉर्डच्या विक्रीचे पैसे वर्षानुवर्षं तिथल्या करखात्यात अडकून पडले, कारण कागदपत्रं आधी नीट केली नव्हती. एवढ्या थोर माणसांचं घोडं हिशोबापाशी अडलं, तर आपल्या सभागृहातल्या मंडळींना तो विचारला म्हणून एवढं काय बिघडलं?

मी का चिडलोय, ते आता सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमचं घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होतं. तो सगळा पाढा इथे वाचत नाही, सांगलीकरांना माहीत आहे आणि इतरांनी तुमच्याच पानांत वाचलं आहे. पाणी उतरल्यावर आम्हाला हवे होते खराटे, गमबूट, फिनेल आणि गाळ उपसायला चार धडधाकट माणसं. आलं काय? बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या कपड्यांचे ढीग. त्यात एक शेरवानी होती आणि एकाच पायाची उंच टाचेची चप्पल. दुष्काळी जत-आटपाडीकडून मात्र भाकऱ्यांची गाठोडी आली. सोबत मिरचीचा ठेचा. त्या टेम्पोबरोबर निवेदिका नव्हती.

तीन आठवड्यांनी एका मोठ्या शहरातल्या संस्थेने आमच्यासाठी अशीच संध्याकाळ ठेवली. आम्हा चौदा जणांना न्यायला बस पाठवली आणि छातीवर ‘पूरग्रस्त प्रतिनिधी’ असा बिल्ला लावला. आमच्या मंडळी बहिणीकडून मागून आणलेली बरी साडी नेसून गेल्या होत्या. दारावरची एक पोरगी त्यांना खालीवर बघून म्हणाली, ‘‘काकू, तुम्ही पूरग्रस्तांपैकीच ना?’’ मंडळींनी बिल्ला वर करून दाखवला.

कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला, कारण प्रमुख पाहुणे यायचे होते. गाणं सुंदर झालं. पावसावरच्या कविता झाल्या. आमच्यातल्या एका म्हाताऱ्याने ‘पाऊस’ शब्द ऐकला की कानावर हात ठेवायचा सपाटाच लावला होता. कथाकथनकारांनी पुरात माळ्यावर अडकलेल्या जावयाचा किस्सा सांगितला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. चांगला सांगितला त्यांनी.

मग आम्हाला रांगेने स्टेजवर बोलावलं. माझ्या हातात एक कढई, दोन चादरी आणि तांदळाची पिशवी दिली. ‘‘काका, कढई जरा खाली घ्या, साहेबांचा चेहरा झाकला जातोय.’’ घेतली खाली. फोटो झाला. विंगेत गेल्यावर एका कार्यकर्त्याने ते सगळं हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, ‘‘हा सेट फोटोपुरता. तुमचे सेट मागून टेम्पोत येतायत, घरपोच.’’ तोच सेट पुढच्या माणसाच्या हातात गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. चौदाही जणांचे फोटो त्याच कढईबरोबर निघाले.

टेम्पो अजून आलेला नाही. वाटेत असेल.

मी तीन पत्रं लिहिली. कढईसाठी नव्हे, तिकिटांचे किती आले आणि सभागृहाचं भाडं, मंडप, स्मृतिचिन्हं वजा जाता किती उरले, एवढंच विचारायला. दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्याला फोन आला : ‘‘काका, अशा संवेदनशील उपक्रमात हिशोबाची भाषा शोभत नाही.’’ सदतीस वर्षं मुलांच्या सहलीच्या वर्गणीचा आणा-पैसा लिहून ठेवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. सहा महिन्यांनी गुळगुळीत कागदावरची स्मरणिका मात्र न चुकता घरी आली. पान अकरावर मी, हातात कढई.

म्हणून विचारतो. तिकडे मराठवाड्यात सीना नदीच्या काठी रानातली माती खरडून गेली, खाली दगड उघडे पडले. सोयाबीन तर गेलंच, पण पुढचं पीक घ्यायचं कशात? तिथे माती आणून टाकायची तर ट्रॉलीमागे रोख पैसे मोजावे लागतात, आणि ट्रॉलीवाला ‘भरघोस’ घेत नाही. परवाच्या मैफलीतून किती ट्रॉल्या माती कोणत्या गावात पडणार, एवढं तुमच्या वार्ताहराने एकदा फोन करून विचारावं. आकडा मिळाला तर चार ओळींत छापा. मिळाला नाही तर तेही छापा, तेवढ्याच मोठ्या टायपात. फोटो नको.

आणखी एक. संपूर्ण वृत्तान्तात, मथळ्यासकट, ‘पुरग्रस्त’ असं ऱ्हस्व छापलं आहे. मी सहा ठिकाणी मोजलं. पूर दीर्घ असतो हो. आमच्याकडे तर आठवडाभर होता.

कळावे,
एक सेवानिवृत्त मराठी शिक्षक,
गावभाग, सांगली

ता. क. : नाव छापू नये. कढईच्या गोष्टीवरून गल्लीतले सगळे ओळखतीलच. गेल्या खेपेच्या माझ्या पत्रात तुम्ही ‘आयर्विन’चा ‘आर्यविन’ केला होता, तेवढं या वेळी बघावं.