गाड्यांचे चार्जिंग आणि सोसायटीचे रोहित्र

महोदय,

इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या तर राज्याला वीज पुरेल का, याची चर्चा बरीच होते. परंतु खरा ताण आधी येणार आहे तो सोसायटीच्या आवारातल्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) आणि कोपऱ्यावरच्या डीपीवर.

निवासी भागातले रोहित्र सर्व सदनिकांच्या मंजूर भाराची बेरीज करून बसवलेले नसते. सगळे गीझर, सगळे एसी एकाच वेळी चालत नाहीत, हे धरूनच त्याची क्षमता ठरते. मोटारीच्या चार्जरला हा हिशेब लागू पडत नाही. ७.२ किलोवॉटचा घरगुती चार्जर म्हणजे दीड टनाच्या चार-पाच एसींइतका भार, तोही उसंत न घेता तासन्‌तास. शिवाय कामावरून परतलेली मंडळी साधारण एकाच सुमारास, म्हणजे घराघरांतला वापर आधीच चढलेला असताना, प्लग लावतात. ३१५ केव्हीए (ढोबळमानाने तितकेच किलोवॉट) क्षमतेच्या रोहित्रावर अशा पंचवीस मोटारी एकदम लागल्या, तर १८० किलोवॉट त्यांनाच हवेत. रात्री भार उतरल्यावर रोहित्राला थंड व्हायला मिळणारा अवधीही मग उरत नाही, आणि तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की दर सहा अंशांमागे आतल्या तारांवरच्या कागदी आवरणाचे आयुष्य जवळपास निम्मे होते.

वास्तविक दिवसाला चाळीस किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला सुमारे सहा युनिट पुरतात. पंचवीस मोटारींची ही दीडशे युनिट रात्रीच्या आठ तासांत वाटली, तर भार वीस किलोवॉटच्या आत राहतो. त्यासाठी नवे रोहित्र नको. चार्जरांना आळीपाळीने वीज देणारी नियंत्रण यंत्रणा पुरे.

केंद्राच्या २०२४ च्या नियमदुरुस्तीमुळे सोसायटीतल्या रहिवाशाला चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते, हे योग्यच झाले. (एरवी सर्वसाधारण सभेत ‘आधी लिफ्टचे बघा’ म्हणून विषय बारगळतो आणि कुणीतरी खिडकीतून थेट पार्किंगमध्ये वायर सोडतो.) मात्र सुट्या जोडण्या वाढत गेल्या, तर चार्जरांचा आपसांत मेळ घालणार कोण? महावितरणने सोसायटीच्या सामाईक, नियंत्रित जोडणीला सवलत द्यावी आणि रोहित्रावर किती भार शिल्लक आहे, हे अर्जापूर्वीच कळवावे. नुसता रात्रीचा स्वस्त दर लावून भागणार नाही, कारण सगळे टायमर त्याच ठोक्याला सुरू होतील. ब्रिटनमध्ये म्हणूनच २०२२ पासून नव्या घरगुती चार्जरांत दहा मिनिटांपर्यंत मागेपुढे सुरू होण्याची सोय सक्तीची आहे. आपल्याकडे अशी अट चार्जर विकतानाच घालावी, कारण एकदा भिंतीवर बसलेला चार्जर बदलायला नंतर कुणी तयार होणार नाही.

आपला,
एक सदनिकाधारक, पुणे